सतरा नंबरची बाटली

१

सतरा नंबरच्या पोटात जे जिवाणू असायलाच नको होते, ते तिथे घरजावयासारखे सुखाने नांदत होते.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती बाईंच्या. बाई म्हणजे रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. सव्वीस वर्षं त्या लोकांच्या शौचाचे नमुने तपासत होत्या आणि या कामाला कोणी नाक मुरडलेलं त्यांना खपत नसे. माणूस तोंडाने हजार थापा मारेल, पण पोट खोटं बोलत नाही, असं त्या नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ऐकवत. ऐकणारा हसला तर त्याला आठवडाभर बाटल्या धुवायला लावत.

सहा-सात महिन्यांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी एक अभ्यास सुरू केला होता. ते आतड्याच्या सुजेचे तज्ज्ञ. हा आजार मोठा छळवादी. आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त जातं, आणि माणसाला दिवसातून पंधरा-पंधरा वेळा धावत सुटावं लागतं. अशा माणसांच्या आतड्यात काही गुणी जिवाणू फार कमी झालेले आढळतात. निरोगी आतड्यात हेच जिवाणू राखणदारी करतात आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना विनाकारण भांडण उकरू देत नाहीत. मग निरोगी माणसाकडून ते घेऊन, सुकवून, कॅप्सूलमध्ये भरून रुग्णाला दिले तर सूज उतरेल का, हा डॉक्टरांचा प्रश्न होता.

चाळीस रुग्ण होते. वीस जणांना खरी कॅप्सूल, वीस जणांना खोटी, म्हणजे नुसतं स्टार्च भरलेली. दिसायला दोन्ही सारख्या. कोणाला कुठली मिळते हे रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही, बाटल्या हातात देणाऱ्या सिस्टरला नाही, बाईंनाही नाही. खऱ्या कॅप्सूल सगळ्या एकाच दात्याच्या. त्यामुळे त्याचे जिवाणू रुग्णाच्या पोटात रुजले की बाई ते नेमके ओळखत. मास्तरांना वर्गातल्या पोरांचं अक्षर ओळखू यावं, तसं.

अभ्यास अर्ध्यावर आला तेव्हा देखरेख समितीने बाईंचे अहवाल मागवले आणि आपल्याकडचा यादीचा बंद लिफाफा उघडून ते ताडून पाहिले. सोमवारी सकाळी समितीच्या अध्यक्षा स्वतः जिना उतरून तळमजल्यावर आल्या. त्यांनी दार लावून घेतलं. सतरा नंबरच्या पोटात दात्याचे जिवाणू आहेत असं बाईंनी लिहिलंय, ते नक्की का, असं त्यांनी विचारलं.

"नक्की. चारदा तपासलंय," बाई म्हणाल्या.

"मग गोंधळ आहे. सतरा नंबरला खोटी कॅप्सूल चालू आहे."

२

यादीची एक प्रत समितीच्या लिफाफ्यात होती. दुसरी होती औषध विभागाच्या प्रमुखांकडे, कारण कॅप्सूल भरून बाटल्यांवर नंबर चिकटवण्याचं काम त्यांचंच. समितीने उघडेपर्यंत लिफाफ्याचं सील शाबूत होतं. म्हणजे बोट एकाच माणसाकडे जात होतं.

या माणसाला सगळं रुग्णालय मागे 'काटा' म्हणायचं. तराजूचा काटा. त्यांच्या हातून गोळी कधी कमी गेली नाही, जास्तही गेली नाही. घड्याळ त्यांना बघून लावावं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. समितीने ठरवलं की शुक्रवारच्या बैठकीपर्यंत खुलासा झाला नाही, तर त्यांना औषध विभागातून काढायचं. वर आणखी एक गोष्ट निघाली. सतरा नंबर ही एक तरुण शाळामास्तरीण होती आणि ती काटांच्याच गल्लीत राहत होती. काटा रोज ज्या फाटकासमोरून दहा मिनिटांत चालत कामावर येत, त्याच फाटकात लहानपणी ती झोके घ्यायची. लोकांना एवढं पुरलं. दुपारपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या लिफ्टवाल्यालासुद्धा सगळी गोष्ट तिखटमीठ लावून पाठ झाली होती.

बाई आणि काटा बावीस वर्षं एकाच टेबलावर डबा खात होते. बोलणं फारसं नसे. ते पेपर वाचत, बाई खिडकीबाहेर बघत, आणि दोघांनाही ते पुरत असे. त्या सोमवारी काटांनी डबा उघडलाच नाही.

बाईंनी आडवळण न घेता विचारलं, तुम्ही तिला खरी कॅप्सूल दिलीत का.

"यादीत होतं ते भरलं," काटा म्हणाले. "तिच्या नंबराला काय होतं ते मला माहीत होतं. ती समोरून चालत यायची, पोट धरून, आणि मला माहीत होतं. तरी यादीत होतं तेच भरलं."

मग हेच समितीला सांगा ना, असं बाईंनी म्हटल्यावर ते म्हणाले की सांगून झालंय, त्यापलीकडे सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. त्यांनी न उघडलेला डबा पिशवीत ठेवला आणि पिशवीची गाठ दोनदा बांधली. बाईंना एकदम भडभडून आलं. या माणसावर त्यांचा विश्वास होता, आणि नुसत्या विश्वासाने काही सिद्ध होत नाही हेही त्यांना चांगलं ठाऊक होतं.

अभ्यासाचा एक नियम होता. रुग्णाने रिकामी बाटली परत आणून द्यायची, मगच नवी मिळायची. परत आलेल्या बाटल्या बाईंच्याच गोदामात पडून होत्या. बाईंनी सतरा नंबरची शेवटची बाटली काढली आणि तळाशी राहिलेली चिमूटभर भुकटी तपासायला लावली. भुकटीत नुसतं स्टार्च निघालं तर बाटली निर्दोष आणि काटाही निर्दोष, असा त्यांचा साधा हिशोब होता.

मंगळवारी सकाळी निकाल आला. भुकटीत दात्याचे जिवाणू होते. काटांनी नंबर चिकटवलेल्या बाटलीत खऱ्या कॅप्सूल होत्या.

३

आपण मदत करायला गेलो आणि त्यांच्या गळ्याभोवतीचा फास आणखी आवळला, हे बाईंना कळलं. पण हातपाय गाळून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी चहाचा कप उचलला आणि पहिल्या मजल्यावर मोठ्या डॉक्टरांची खोली गाठली.

डॉक्टर येरझाऱ्या घालत होते. दहा वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आलीय, असं त्यांनी तीन वेळा सांगितलं. बाईंनी ते तीन वेळा ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात त्यांचं नाव खोडलं. खोटी कॅप्सूल घेणारा रुग्ण बरा झाला तर खऱ्या कॅप्सूलचा गुण उठून दिसणार कसा? आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्याइतके डॉक्टर भोळे नव्हते.

"ती बरी झालीय का हो?" बाईंनी जाता जाता विचारलं.

डॉक्टर थांबले. सूज बरीच उतरलीय, रक्त थांबलंय, असं ते म्हणाले. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हेही त्यांनी लगेच जोडलं. पण हे बोलताना त्यांचा चेहरा जरा उजळला होता, आणि तो उजळलेला बाईंना आवडला.

सिस्टर खिडकीपाशी बसून बाटल्या देत असे. ती मनाने लोण्यासारखी. सतरा नंबरच्या शाळामास्तरणीला ती टीचर म्हणे; टीचरने नोकरी सोडली त्या दिवशी टीचरपेक्षा तीच जास्त रडली होती. चाळीस मिनिटांचा तास सलग उभं राहून घेणं जमेना, मधेच वर्ग सोडून धावावं लागायचं आणि मागे पोरं हसायची. बाईंना वाटलं, हिच्या हातून दयेपोटी बाटल्यांची अदलाबदल झाली असेल का? पण सिस्टरने डोळे पुसत एक बिनतोड प्रश्न विचारला. तिला चांगलं द्यायचं असं मी ठरवलं असतं, तरी चाळीस बाटल्यांतली चांगली कुठली हे मला कोण सांगणार होतं?

बाई उठल्या. सिस्टरचं बोलणं मात्र चालूच होतं. गरीब पोर हो, कसली कटकट नाही. एकदाच काय ते मागितलं तिने. तिसऱ्या महिन्यात म्हणाली, सिस्टर, माझा सोमवार बदलून बुधवार द्या, बुधवारची बस सोयीची पडते. दिला मी. उद्या येईलच ती.

बाई मान हलवून निघाल्या, जिन्याच्या चार पायऱ्या उतरल्या आणि कठडा धरून उभ्या राहिल्या. काटांच्या गल्लीतून रुग्णालय चालत दहा मिनिटांवर होतं. तिला बस हवी होती कशाला?

४

प्रयोगशाळेत येऊन बाईंनी सतरा नंबरचे सगळे अहवाल टेबलावर ओळीने मांडले. पहिले दोन महिने दात्याच्या जिवाणूंचा मागमूस नव्हता. तिसऱ्या महिन्यापासून ते दिसू लागले. आणि दिसले तेही निम्मे-शिम्मे. खरी कॅप्सूल घेणाऱ्या इतरांच्या पोटात त्यांनी सरळ संसार थाटला होता, इथे मात्र ते पाहुण्यासारखे दबकत आले होते.

तिसरा महिना. सोमवारचा बुधवार झाला तोच महिना.

बुधवारी येणारे रुग्ण चारच होते. त्यांतल्या एकाचे कागद बघून बाईंनी चष्मा पुसला. तेवीस नंबर. सुरुवातीचे दोन महिने याच्या पोटात दात्याचे जिवाणू भराभर वाढले होते, आणि तिसऱ्या महिन्यापासून त्यांची वाढ मंदावली होती. म्हणजे याची कॅप्सूल नक्की खरी. यादी न बघताही ते उघड होतं.

खऱ्या कॅप्सूलमध्ये स्टार्चचा कण नसे. बाईंनी तेवीस नंबरची रिकामी बाटली आणली, तळाची भुकटी काचेवर घेतली आणि वर आयोडीनचा थेंब टाकला. ही शाळेतल्या पोरांची परीक्षा. स्टार्च असलं की निळंकाळं होतं.

काच निळीकाळी झाली.

मग काटा दर खेपेतली एक-एक बाटली कुलपात जपून ठेवत, त्या बाटल्याही त्यांनी मागवल्या. खऱ्या निखळ खऱ्या निघाल्या, खोट्या निखळ खोट्या. औषध विभागातून बाहेर पडेपर्यंत सगळं चोख होतं. त्यानंतर मात्र खोट्याच्या बाटलीत खरी आणि खऱ्याच्या बाटलीत खोटी, अशी सरमिसळ झाली होती.

बाई खुर्चीत मागे रेलल्या. दोन दिवस सगळे एकच प्रश्न विचारत होते, आणि तो प्रश्नच उलटा होता. खरी कुठली हे कोणाला माहीत होतं, असं जो तो विचारत होता. ज्याला माहीत असेल तो आपल्या माणसाला पुरी खरी बाटली देईल, अर्धीमुर्धी कशाला देईल? आणि त्या बिचाऱ्या तेवीस नंबरच्या बाटलीत खोटी भरून त्याला काय मिळणार? निम्मं इकडे, निम्मं तिकडे असं कोण करतं? ज्याला खरी कुठली हे ठाऊकच नाही तो करतो. म्हणजे हे काम माहीत असणाऱ्याचं नव्हतंच. आणि बाटल्या औषध विभागाबाहेर एकत्र येतील अशी जागा आता एकच उरत होती, रुग्णांचे स्वतःचे हात.

५

बुधवारी अकरा वाजता सतरा आणि तेवीस नंबर खिडकीवरून बाटल्या घेऊन निघाले, तशा बाई त्यांच्या मागोमाग रुग्णालयासमोरच्या कॉफीच्या दुकानात गेल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर, अर्थातच शौचालयाच्या दाराला लागून, एक सडपातळ तरुणी आणि एक आडव्या बांध्याचा, पिकल्या मिशांचा माणूस बसले होते. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, त्यावर कॅप्सूलचा ढीग होता, आणि दोघं मन लावून ते दोन बाटल्यांत मोजून भरत होते. एक तुला, एक मला.

बाईंनी तिसरी खुर्ची ओढली आणि आपण कोण ते सांगितलं. तरुणीचा हात हवेतच राहिला. माणसाने शांतपणे हातातली कॅप्सूल बाटलीत टाकली.

"सत्तावन्न," तो म्हणाला. "हं, बोला."

हा तेवीस नंबर. लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, टीचर त्याला ट्रकमामा म्हणे. दुसऱ्या महिन्यात एकदा टीचरची तपासणी लांबून बुधवारवर गेली आणि दोघं एकाच बाकावर आले. बाकावर बसून या आजाराची माणसं काय बोलणार? कुठे कुठे शौचालय आहे, हे. ट्रकमामाला तीनशे मैलांच्या रस्त्यावरचं प्रत्येक शौचालय तोंडपाठ होतं, कुठल्याची कडी लागत नाही तेसुद्धा. टीचर हसली. गेल्या तीन वर्षांत या विषयावर ती पहिल्यांदा हसली होती. मग गोष्ट निघाली की आपल्या दोघांत एकाची बाटली खोटी असेल, कदाचित दोघांच्याही. मामांनी सोपा उपाय काढला. एकत्र करू आणि निम्मं निम्मं घेऊ. एकाची जरी खरी निघाली तरी दोघांना काहीतरी मिळेल. त्यासाठी दर महिन्याला एकाच दिवशी यायला हवं होतं, म्हणून टीचरने बसची थाप मारली.

"आयुष्यात धड खोटं बोलता येत नाही हिला," मामा म्हणाले. "चालत येणारीला बस कशाला लागते? मी तेव्हाच म्हटलं होतं, काहीतरी बरं कारण शोध."

बाईंना हसू आवरेना. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी वर्षभर डोकं खपवून, दोन प्रती आणि सील लावून बांधलेली पद्धत या दोघांनी एका वर्तमानपत्रावर मोडून काढली होती, तीही चोरीचा विचार मनाला न शिवता. मग त्यांनी हसू गिळून सांगितलं की या गोष्टीपायी एका माणसावर आळ आलाय. कोणावर, तेही सांगितलं.

टीचरचा चेहरा पडला. औषधवाले काका? तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. लहानपणी फाटकात बोट चेमटलं होतं तेव्हा पट्टी त्यांनीच बांधली होती, असं ती पुटपुटली. मग तिने घाबरत विचारलं, आम्ही सांगितलं तर आमच्या कॅप्सूल बंद होतील का. बाईंनी लपवाछपवी केली नाही. अभ्यासातून तुम्ही दोघं बाहेर जाल, म्हणाल्या. औषधपाणी चालू राहील, डॉक्टर तुम्हाला टाकणार नाहीत, पण या कॅप्सूल मिळणार नाहीत.

टीचर टेबलाकडे बघत बसली. शाळेने तिला पुन्हा बोलावलं होतं, येत्या सोमवारपासून. चाळीस मिनिटं उभं राहता येईल असं तिला तीन वर्षांनी पहिल्यांदाच वाटत होतं.

"मी शुक्रवारी सांगणार आहेच," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे दोन्ही बाटल्या आहेत. पण तुम्ही तुमच्या तोंडाने सांगितलंत तर त्यांना बरं वाटेल."

टीचरने कॅप्सूलचा उरलेला ढीग हाताने गोळा केला आणि बाईंच्या पुढ्यात सरकवला. मामांनीही आपली बाटली त्याच्या शेजारी ठेवली. येतो, म्हणाले.

६

शुक्रवारी समितीची खोली भरली होती. काटा भिंतीपाशी इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते. बाईंनी आपले कागद आणि काच मांडली, आणि टीचरने उभं राहून सगळं सांगितलं. सुरुवातीला आवाज कापत होता, पुढे वर्गात शिकवल्यासारखा लागला. काटांकडे बघून ती म्हणाली, "काका, आमच्यामुळे तुम्हाला हे ऐकावं लागलं. माझं चुकलं."

काटांनी नुसती मान हलवली, पण त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. मोठे डॉक्टर आधी लालबुंद झाले, अभ्यासाचं वाटोळं म्हणजे काय यावर पाच मिनिटं बोलले, आणि मग त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. या आजाराची माणसं घरातून बाहेर पडायला धजत नाहीत आणि हे दोघं कॉफीच्या दुकानात भागीदारी करून बसले होते. दोघांचे आकडे रद्द झाले. पुढचे उपचार नेहमीच्या खिडकीवर मिळतील, असं ठरलं.

उठताना ट्रकमामांनी हात वर केला.

"आता आम्ही बाहेरचेच झालो. तर एक सांगता का? खरी कोणाची होती?"

काटांनी अध्यक्षांकडे पाहिलं. आळ आला तेव्हाही जे त्यांनी कोणापुढे उच्चारलं नव्हतं, ते बोलायला त्यांना परवानगी हवी होती. अध्यक्षांनी ती दिली.

"तेवीस खरी," काटा म्हणाले. "सतरा खोटी."

टीचरने हळूच मामांकडे पाहिलं. तिच्या बाटलीत काहीच नव्हतं. गेले चार महिने तिला जे मिळालं ते सगळं त्यांच्या वाट्यातलं होतं. मामांची सूज मात्र अजून पुरती उतरलेली नव्हती, त्यांच्या खेपा अजून चालूच होत्या. डॉक्टरांनी घसा खाकरला आणि खरं तेच सांगितलं. पुरी मात्रा घेतली असती तर कदाचित एव्हाना अधिक गुण आला असता. नक्की सांगता येत नाही, पण कदाचित.

"मामा," टीचर म्हणाली.

मामांनी मिशीवरून हात फिरवला.

"सोमवारी पहिला तास कितीला आहे तुझा?"

"आठला."

"चाळीस मिनिटं?"

तिने मान हलवली.

"उभं राहवेल?"

"राहवेल," ती म्हणाली.

"मग माझी निम्मी वाया नाही गेली," मामा म्हणाले, आणि शौचालय कुठल्या बाजूला आहे ते त्यांनी काटांना विचारलं. काटा उठले आणि स्वतः त्यांना दारापर्यंत घेऊन गेले.